सात गुणांची कविता

डिसेंबरातला रविवार. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका घरी आम्ही पाच जण लॅपटॉपभोवती बसलोय. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्यात आणि दुसरा चहा कोणी टाकायचा यावर सगळे गप्प आहेत. स्क्रीनवर एक्सेलची शीट. सगळ्यात वर एक कविता, आईच्या पदराची. तिचे गुण : सात, सात, सात, सात, सात. बेरीज ३५. तिच्या खाली दुसरी कविता, हाउसिंग सोसायटीच्या नोटिशीच्या भाषेत लिहिलेली. तिचे गुण : दहा, नऊ, आठ, चार, तीन. बेरीज ३४.

“म्हणजे पदर पहिला,” शीट सांभाळणारा म्हणाला.

“पहिला असेल रे. पण आवडलाय कुणाला?” घरच्या काकूंनी विचारलं. काकू निवृत्त शिक्षिका, आमच्यात वयाने सगळ्यात मोठ्या. “कविता चांगली आहे, मीच सात दिलेत. पण ‘ही माझी आवडती’ म्हणून सही कोण करतंय?”

कोणीच हात वर केला नाही.

आम्ही एक छोटं ऑनलाइन साहित्यिक नियतकालिक चालवतो. पगार कोणालाच नाही. काकू, ऐरोलीच्या आयटी कंपनीत काम करणारा शीटवाला, कळव्याचा एक बँकवाला, खारघरहून येणारी एक अनुवादक आणि मी. वर्षाअखेरी आम्ही त्या वर्षी छापलेल्यांतून (कागद कुठेच नसतो, तरी ‘छापलं’ म्हणायची सवय जात नाही) बारा आवडत्या रचना निवडतो. यादी लागली की दर वर्षी विचारणा होते, कधी सरळ, कधी टोमण्यातून : ही निवड करता कशी? ‘कंपूशाही’ असं उत्तर काहींकडे तयारच असतं. त्यात तथ्य आहे, त्यावर येतोच. पण बाकीचं प्रकरण बऱ्यापैकी गुंतागुंतीचं आहे आणि ते उलगडून सांगण्यासारखं आहे. लेखक ओळखू येऊ नयेत म्हणून गुण आणि तपशील थोडे इकडचे तिकडे केलेत, एवढं आधी सांगून ठेवतो.

तर पहिली शंका. जागा कमी नसताना निवड कशाला?

छापील अंकाला जागेचं बंधन असतं. कागद सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात छापला जातो, एक पान वाढवायचं म्हटलं तरी हिशेब बदलतो. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तिथून आपल्याकडे दिवाळी अंकांची रीत पडली. तेव्हापासून कित्येक संपादकांनी कित्येक कथा ‘पानं संपली’ या कारणाने परत पाठवल्या असतील. उलटंही व्हायचं. कथा पाऊण पानावर संपली की खालची मोकळी जागा भरायला कविता लागायची, आणि मापात बसणारी कविता अंकात बसायची. आमच्याकडे ना फर्मा, ना मोकळी पाव पानं. सर्व्हरवर शंभर कथा टाकल्या काय आणि दहा टाकल्या काय, खर्चात फार फरक नाही. ‘जागा नाही’ ही सभ्य सबब आमच्या हातातून गेली. नाही म्हणायचं तर ‘नाही’च म्हणावं लागतं, आणि का नाही हे स्वतःला तरी ठाऊक असावं लागतं.

वाचणाऱ्याचा वेळ मात्र पूर्वीएवढाच आहे, किंबहुना कमीच. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना १ जून १८९३ ची. तिथे जुन्या पुस्तकांच्या कपाटांपुढे उभं राहिलं की मला दर वेळी ग्रंथपालांचा हेवा वाटतो. मराठीत छापलेलं जमवायचं, जपायचं आणि मागेल त्याला काढून द्यायचं, कशाला नाही म्हणायचं नाही. आमचं काम बरोबर उलट.

आता साहित्य येतं कसं ते बघू. गुगल फॉर्म असतो. त्यात नाव वेगळ्या रकान्यात, मजकूर वेगळ्या फाइलमध्ये. शीटवाला नाव झाकतो आणि फाइलला नंबर देतो. वाचणाऱ्याला फक्त ‘कथा ३१’ किंवा ‘कविता ११२’ दिसते. हे निनावी वाचन. ऐकायला सोपं, करायला कटकटीचं. लेखक मजकुराच्या शेवटी सही ठोकतात. फाइलच्या नावातच आपलं नाव घालतात. वर्डच्या फाइलच्या पोटात लेखकाचं नाव आपोआप नोंदलेलं असतं तेही पुसावं लागतं. आणि काही जण पुन्हा व्हॉट्सअॅपवर विचारतात, “माझी ती पावसाची कथा वाचली का?” झालं. झाकलेलं नाव उघडं पडलं.

फॉन्टचा घोळ तर वेगळाच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. तीन वर्षांपूर्वी अशी एक कथा आली. पहिल्या वाचकाने ‘फाइल खराब’ अशी खूण केली आणि पुढे गेला. लेखकाला कळवायचं मी, ते मी विसरलो. चार महिन्यांनी त्यांचा साधा निरोप आला, “नापसंत असेल तरी कळवावे.” फाइल रूपांतर करून वाचली तर त्या तिमाहीत आलेल्या चारही कथांपेक्षा सरस. पुढच्या अंकात घेतली. पण तोवर डिसेंबर उलटून गेला होता आणि ती त्या वर्षीच्या यादीत येऊच शकली नाही. निवड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रसिकांची गंभीर चर्चा येते. पुष्कळ निवड अशी फाइल उघडण्या-न उघडण्यात होऊन जाते.

पहिलं वाचन दोघं करतात, एकमेकांशी न बोलता. तीनच शेरे : ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’. दोघांचंही ‘नाही’ असेल तरच रचना बाजूला होते, एकाचाही ‘बघू’ असला तर पुढे जाते. मी सकाळी ठाण्याहून वाशीची लोकल पकडतो आणि बरंचसं पहिलं वाचन त्या अर्ध्या तासात, फोनवर, एका हाताने दांडी धरून होतं. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. मग असंही लक्षात आलं की ऐरोलीच्या आधी वाचलेल्या कवितांना माझे ‘बघू’ जास्त आणि तुर्भ्याच्या आसपास ‘नाही’ जास्त. कविता त्याच दर्जाच्या, वाचणारा दमलेला. शिवाय एका जबरदस्त कथेनंतर जी वाचाल ती फिकीच वाटते, श्रीखंडानंतर चहा अगोड लागतो तशी. आता शीटवाला प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने फाइली पाठवतो. माझ्याकडे शेवटी आलेली कविता काकूंकडे पहिली असते.

एकदा घणसोलीला उतरायचं होतं, पण कथा वाचता वाचता स्टेशन गेलं, कोपरखैरण्याला भानावर आलो. मी ऐटीत शीटमध्ये लिहिलं, “स्टेशन चुकवणारी कथा.” काकूंनी खाली शेरा मारला, “रहस्यकथा वाचताना माझं पोळीचं पीठ करपतं, म्हणून ती साहित्य ठरत नाही.” पीठ करपत नाही, पोळी करपते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

निनावी वाचनाने सगळं समान होतं, असा माझा समज होता. तो मोडला एका आगरी कथेने. दिवाळे-घणसोलीकडच्या जुन्या गावठाणांत, ठाणे-रायगडच्या खाडीपट्ट्यात आगरी बोलतात. तिच्यात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘गाडी’ची ‘गारी’ होते. कथा आजीच्या तोंडची होती, मिठागर गेलं त्याची. वाचकांकडे पोहोचली तेव्हा ती काहीतरी लंगडत होती. गुण पाच, पाच, सहा. नंतर कळलं की मुद्रितशोधन बघणाऱ्या आमच्याच एका मित्राने, सद्भावनेने, फाइल पुढे पाठवण्याआधी ‘शुद्धलेखन’ तपासलं होतं. ‘पानी’चं ‘पाणी’ केलं, ‘गारी’ची ‘गाडी’ केली. आजी अर्धं वाक्य घरच्या भाषेत बोलत होती आणि अर्धं बातम्या वाचत होती. मूळ फाइल काढून पुन्हा वाचली. तरीही आम्ही पाचही जण अडखळत होतो, कारण आमच्यापैकी एकाच्याही घरात ती बोली नाही. मग घणसोलीच्या एका ओळखीच्या ताईंना वाचायला दिली. त्यांनी दोन जागी सांगितलं की हा शब्द म्हातारी बाई वापरणार नाही, नवीन पोरं वापरतात, आणि बाकीची कथा त्यांनी फोनवर आईला वाचून दाखवली. ती कथा त्या वर्षीच्या बारांत आली.

नाव झाकता येतं, बोली झाकता येत नाही, आणि झाकूही नये. पण वाचणाऱ्याचे कान ज्या भाषेत तयार झालेत तिला आपोआप चार गुण जास्त जातात, हे तेव्हा स्पष्ट दिसलं. तेव्हापासून मंडळाबाहेरचा एक वाचक आम्ही दर अंकाला घेतो, मजकूर बघून.

आता गुणांकडे. ‘हो’ आणि ‘बघू’ गोळा झाले की पाचही जण दहापैकी गुण देतात. इथे गणित घुसतं आणि चुपचाप निर्णय घ्यायला लागतं.

सरासरीचा स्वभाव असा की तिला कोणाचा राग आलेला चालत नाही. पदराच्या कवितेत न आवडण्यासारखं काही नव्हतं. शब्द जागच्या जागी, लय सांभाळलेली, शेवट डोळ्यांत पाणी आणणारा. नोटिशीच्या कवितेवर दोघं चिडले होते. चिडलेल्या दोन वाचकांनी तिचे जेवढे गुण खाल्ले, तेवढे तिच्यावर जीव टाकणाऱ्या दोघांना भरून काढता आले नाहीत, कारण दहाच्या वर गुणच नसतात. दहाला छत आहे. सात मात्र आरामात बसतो. पाच जणांची सरासरी काढत गेलात तर यादी सात गुणांच्या रचनांनी भरते. लग्नाच्या पंगतीत भाजी बटाट्याचीच का असते, तसंच. कोणाची आवडती म्हणून नसते, कोणी नाही म्हणणार नाही म्हणून असते.

दुसरी गोम हाताच्या सढळपणाची. आमचा बँकवाला पाच ते सातच्या बाहेर जात नाही, स्वभावच तो. खारघरवाली एक ते दहा सगळं वापरते. समजा एका कथेला बँकवाल्याने सात दिले, म्हणजे त्याच्या दृष्टीने सर्वोत्तम, आणि तिने चार. दुसरीला त्याने पाच, म्हणजे त्याची सगळ्यात नावडती, आणि तिने नऊ. बेरजा झाल्या अकरा आणि चौदा. त्याचं मत मोजलं गेलं दोन गुणांनी, तिचं पाच गुणांनी. दोघांना एकेक मत आहे असं आपण म्हणतो, पण शीटमध्ये तिचं मत त्याच्या अडीचपट वजनाचं. कोणी लबाडी केलेली नाही. ज्याचा हात मोकळा त्याचं राज्य, एवढंच. (हे लक्षात आल्यावर बँकवाल्याने एका महिन्यात सगळ्यांना एक किंवा दहा द्यायला सुरुवात केली. तोही प्रयोग सोडावा लागला.)

मग म्हटलं, गुण नकोत, क्रम लावा. प्रत्येकाने दहा रचना पहिल्यापासून दहाव्यापर्यंत मांडायच्या, पहिलीला दहा, दुसरीला नऊ असं मोजायचं. ही कल्पना आमची नाही. झां-शार्ल द बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाने १७७० मध्ये ती पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली होती, सदस्य निवडण्यासाठी. हात सढळ असो की आखडता, प्रत्येकाचं वजन सारखं होतं. पण दुसरी पळवाट उघडते. माझ्या आवडत्या कथेला टक्कर देणारी कथा मी मुद्दाम दहाव्या क्रमांकावर ढकलली की काम झालं. ही अडचण दाखवल्यावर ‘माझी पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे’ असं बोर्दा म्हणाले, अशी आख्यायिका आहे. आम्ही प्रामाणिक आहोत. तरी एका वर्षी एकच ललित लेख दोघांच्या यादीत पहिला आणि तिघांच्या यादीत बरोबर दहावा आला तेव्हा चहा जरा गार झाला.

मग समोरासमोर लढत लावू, असं ठरलं. दोन-दोन रचना घ्यायच्या, हात वर करायचे, जिंकेल ती पुढे. याहून सरळ काय असणार? इथे मात्र खरी गंमत आहे, आणि ती कागदावर मांडून बघण्यासारखी आहे.

तीन संपादक, तीन रचना : एक कथा, एक कविता, एक ललित. काकूंचा क्रम कथा, कविता, ललित. शीटवाल्याचा कविता, ललित, कथा. माझा ललित, कथा, कविता. आता कथा विरुद्ध कविता : काकू आणि मी कथेकडे, कथा जिंकली. कविता विरुद्ध ललित : काकू आणि शीटवाला कवितेकडे, कविता जिंकली. म्हणजे कथा कवितेपेक्षा वरचढ, कविता ललितापेक्षा वरचढ. मग कथा ललितापेक्षा वरचढ असायलाच हवी ना? मोजून बघा. शीटवाला आणि मी दोघंही ललिताला कथेच्या वर ठेवतो. ललित जिंकलं. प्रत्येक माणसाचं मत अगदी सुसंगत, आणि तिघांचं मिळून झालेलं मत गोल गोल फिरतंय. सूर्याला ढग झाकतो, ढगाला वारा पळवतो, वाऱ्याला डोंगर अडवतो आणि डोंगर उंदीर पोखरतो, ती गोष्ट लहानपणी ऐकली असेल. तिच्यातल्या उंदराला सूर्य भाजून काढतो असं पुढे जोडा, की आमची बैठक तयार.

हा चकवा कॉन्दोर्से या फ्रेंच विचारवंताने १७८५ मध्ये दाखवून दिला. त्याचा व्यवहारातला परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. आधी कथा-कविता लढवली तर कथा जिंकते आणि मग ललिताकडून हरते : निकाल ललित. आधी कविता-ललित लढवलं तर कविता जिंकते आणि कथेकडून हरते : निकाल कथा. आधी ललित-कथा लढवली तर शेवटी उरते कविता. मतं तीच, माणसं तीच. निकाल ठरवला कोणी? आधी कोणत्या दोन काढायच्या हे ज्याने ठरवलं त्याने. आमच्याकडे तो अधिकार ज्याच्या हातात माउस असतो त्याच्याकडे असतो, हे कळल्यापासून शीटवाल्याकडे सगळे वेगळ्या नजरेने बघतात.

आणि १९५१ मध्ये केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने यावर कायमचं कुलूप घातलं. तीन किंवा अधिक पर्याय असतील आणि प्रत्येकाने क्रम लावायचा असेल, तर अगदी साध्या, कोणालाही मान्य व्हाव्यात अशा मोजक्या अटी एकाच वेळी पाळणारी पद्धत असूच शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. एका अटीचा मासला : कथा आणि कविता यांतली वरचढ कोणती हे ठरवताना मध्येच आलेल्या ललिताने फरक पडू नये. आणखी एक : एकाच माणसाचं मत नेहमी सगळ्यांवर चालू नये. १९७२ चं अर्थशास्त्राचं नोबेल ॲरो आणि जॉन हिक्स यांना मिळालं. म्हणजे पुढच्या वेळी कोणी म्हणालं की “तुमची निवडपद्धत निर्दोष नाही”, तर आमच्याकडे नोबेलविजेत्याची साक्ष आहे.

मोठ्यांचंही याहून फार वेगळं नसतं. साहित्याचं नोबेल देणाऱ्या स्वीडिश अकादमीत अठरा जागा आहेत. मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पाच नावं उरतात, सदस्य उन्हाळाभर त्यांचं लेखन वाचतात आणि ऑक्टोबरात पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं मिळतील तो विजेता. कोणाची नावं चर्चेत होती ते पन्नास वर्षं गुप्त. आमच्या घरी पन्नास मिनिटं टिकत नाही. बुकर पुरस्काराच्या नियमात बक्षीस वाटून द्यायचं नाही असं स्पष्ट होतं. तरी २०१९ मध्ये पाच परीक्षकांचं एकमत होईना आणि त्यांनी नियम मोडून मार्गारेट अॅटवुड आणि बर्नार्डिन एव्हारिस्टो या दोघींना ते वाटून दिलं.

आम्हाला उपयोगी पडलं ते अमेरिकेतल्या पुशकार्ट पुरस्काराचं उदाहरण. छोट्या नियतकालिकांतल्या लेखनासाठी तो १९७६ पासून चालू आहे. प्रत्येक संपादकाला आपण त्या वर्षी छापलेल्यांतून जास्तीत जास्त सहा रचना पाठवता येतात. सहाच, मग तुम्ही साठ छापा की सहाशे. सहाचा आकडा समोर असला की ‘बरी’ आणि ‘चांगली’ यांत वेळ जात नाही. कशासाठी भांडशील, एवढंच विचारावं लागतं.

त्यावरून आम्ही ‘हट्ट’ नावाची पद्धत काढली. बारापैकी सात रचना चर्चेने आणि मताने ठरतात. उरलेल्या पाच जागा म्हणजे पाच जणांचे पाच हट्ट. माझा हट्ट बाकीच्या चौघांना अजिबात पटला नाही तरी तो यादीत जातो. अट एकच, आणि ती बाराही रचनांना लागू. जो सुचवेल त्याने खाली दहा ओळींचं टिपण लिहायचं, स्वतःच्या नावाने, का आवडली म्हणून. “अप्रतिम”, “अंतर्मुख करणारी”, “काळजाला भिडणारी” हे शब्द बाद. ही दहा ओळींची अट गुणांपेक्षा कितीतरी जास्त गाळते. हौसेने हट्ट मांडलेले लोक टिपण लिहायला बसले की तिसऱ्या ओळीत अडकतात आणि रात्री अकराला मेसेज येतो, “माझा हट्ट बदलू का?” पदराच्या कवितेचं तसंच झालं. पाच जणांनी सात-सात दिले होते, पण दहा ओळी लिहायला एकही तयार झाला नाही.

वाचनसंख्येचं थोडक्यात. हो, आम्हाला दिसते. नाही, तिच्यावरून निवडत नाही. मागच्या वर्षी सर्वांत जास्त उघडला गेलेला लेख एका शाळेच्या आठवणींचा होता आणि तो त्या शाळेच्या सगळ्या बॅचेसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरला. लेख वाईट नव्हता. पण आकडा शाळेचा होता, लेखाचा नव्हता.

आता कंपूशाही. मराठीत कविता लिहिणारे, वाचणारे आणि निवडणारे बरेचदा तेच असतात. गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर उभं राहिलं तर अर्ध्या तासात माझ्या ओळखीचे तीन कवी भेटतात, त्यातल्या दोघांना आम्ही नकार कळवलेला असतो. निनावी वाचनात नाव झाकलेलं असलं तरी मित्राची शैली झाकत नाही, तो ‘आणि’ने ओळ सुरू करतो हे मला वीस वर्षं माहीत आहे. म्हणून नियम असा : ओळखलं की शीटमध्ये ‘ओळख’ लिहायचं आणि त्या रचनेपुरतं मत द्यायचं नाही, बोलायचंही नाही. पाळतो का? ‘ओळख’ लिहितो. बोलायचं नाही हे जड जातं, कारण गप्प बसलेल्या माणसाचा चेहराही बोलतो. शिवाय या नियमाची उलटी बाजू आहेच. ज्या मित्राची कविता सगळ्यात जास्त समजते तिच्यावरच मी मत देऊ शकत नाही. यादीत आमच्या ओळखीची माणसं बाहेरच्यांपेक्षा जास्त असतात, हे मी मोजलंय, आणि तेवढा आरोप मान्य आहे. बाहेरचे वाचक घ्यायला लागल्यापासून प्रमाण खाली आलं, शून्यावर नाही.

नकाराबद्दल मात्र मला आमची बाजू लंगडी वाटते. १९३३ मध्ये निघालेल्या आणि १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहीत. कथा कुठे सैल पडते, पात्र कुठे खोटं वाटतं, शेवट का बदलावा. एकेक कथा पुन्हा पुन्हा लिहवून घेत. त्या चोखंदळपणाचा जाचही झाला. ‘सत्यकथे’ची एक ठरावीक अभिरुची बनते आहे अशी तक्रार वाढली आणि १९६९ मध्ये लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी अंकाची होळी केली. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात. आम्ही पत्रं लिहीत नाही. आमचा नकार तीन ओळींचा असतो, सगळ्यांना सारखा, पूर्वीच्या ‘साभार परत’ची ई-मेल आवृत्ती. ‘बघू’पर्यंत पोहोचलेल्यांना तरी चार ओळी स्वतंत्र लिहायच्या, असं दर जानेवारीत ठरतं. मार्चपर्यंत टिकतं.

त्या रविवारी शेवटी चहा मीच टाकला. आत होतो तेव्हा बाहेर वाद चालला होता. नोटिशीच्या कवितेला तीन देणाऱ्या काकूच होत्या. “ही कविता नाही, हिला जिन्याखालच्या फलकावर लावा,” असं त्यांनी शीटमध्ये लिहिलेलं. चार शीटवाल्याचे. खारघरवालीने फोन काढला आणि म्हणाली, “एकदा मोठ्याने वाचते. मग बोला.” तिने ती अगदी सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी वाचली, सपाट, घाईत. सर्व सभासदांस कळविण्यात येते की. पाणी सकाळी सहा ते सहा वीस. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद. गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. मोबाइलवर वाचताना या ओळी एकमेकांत घुसून परिच्छेद होतात, म्हणून त्या नुसत्या यादीसारख्या दिसत होत्या. कानांना प्रत्येक कलम वेगळं ऐकू येत होतं. कलम सात : फ्लॅट ४०३ यांची पाणीपट्टी यापुढे एका व्यक्तीची आकारली जाईल. ती तिथे थांबली नाही, तशीच पुढे गेली. कलम आठ : दुचाकी आडव्या लावू नयेत.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. काकू म्हणाल्या, “सातवं पुन्हा वाच.”

दुसऱ्यांदा वाचल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग शीटवाल्याला म्हणाल्या की तीन खोडून आठ कर. तो म्हणाला, गुण आता बदलता येत नाहीत, मुदत शुक्रवारी संपली. यावर दहा मिनिटं वाद झाला आणि तो शीटवाल्याने जिंकला. त्यामुळे शीटमध्ये अजूनही तीनच आहेत आणि पदराची कविता अजूनही एका गुणाने वर आहे.

कविता यादीत गेली ती काकूंचा हट्ट म्हणून. टिपण त्यांनी त्याच रात्री पाठवलं, अकरा ओळींचं, एक ओळ जास्त. पहिली ओळ होती, “मी या कवितेला तीन गुण दिले होते.” शीटवाला आपल्या चारवर ठाम आहे. टिपणाखाली ‘एका संपादकाचे मत भिन्न’ असं लिहावं असा त्याचा आग्रह होता, तसं लिहिलंय.